ओहोटीत उभी

एकोणीस फूट. दोन माणसं आणि एक किटली.
ब्राइटलिंगसीच्या खाडीतलं पाणी ओसरलं
की शेजारच्या देखण्या नौका कुशीवर कलंडतात,
डोलकाठ्या चिखलाकडे झुकवून.
माझी ही बुटकी तेवढी
पोटाखालच्या दोन पात्यांवर पाय रोवून उभी,
बदकासारखी, थोडी फेंगडी.

वाऱ्याच्या तोंडावर हाकली
तर हातभर पुढे, वीतभर बाजूला.
जिथे ती कागदावर आखली गेली
तिथेच तो हिशेब ठरला होता :
वेग थोडा सोडू,
पण पाणी सोडून गेलं तरी हिला पडायला नको.

मी दातांची डॉक्टर.
तिच्यात शिरले तेव्हा ओळखीचा होता फक्त वास.
माझ्या दवाखान्यातही हिच्याच राळेची चुलत बहीण,
निळ्या उजेडात घट्ट होणारी.

पेनफोल्ड म्हणाला
(त्याच्या खालच्या दाढा माझ्याच हातच्या),
"आम्ही नौका बाहेरून आत बांधायचो.
आधी साच्याला मेण. मग लगेच रंग, चकाकी.
लोक शेवटी करतात ते आम्ही पहिल्यांदा.
त्यावर काचेचं कापड, त्यावर राळ,
पुन्हा कापड, रूळ फिरवून बुडबुडे दाबायचे.
साच्यातून सुटताना कण्हायची.
दर गुरुवारी एक. सगळ्या सख्ख्या बहिणी."

मार्चमध्ये तिला धक्क्यावर चढवलं
आणि मी आरशाच्या दांड्याने तिचं बूड ठोकत गेले.
टक्. टक्. टक्.
एका जागी थप्प.
पोकळ दाढेचा आवाज
एसेक्समध्ये काय, सांगलीत काय, सारखाच.
खरवडलं. वाळू दिलं, अकरा आठवडे.
मग भरलं.

आतून हात फिरवायला डाव्या बाकाखाली आडवी झाले.
तिथे कुणी घासूनपुसून ठेवलेलं नव्हतं,
काचेचे तंतू मनगटाला चावत होते.
विजेरीच्या उजेडात, राळेत कायमचा बसलेला,
एक अंगठा.
रेषांसकट.

पेनफोल्डला बोलावलं.
गुडघे कुरकुरवत तो वाकला,
आपला अंगठा त्या ठशावर ठेवला.
फारच मोठा झाला.
"माझा नाही," म्हणाला. मग बऱ्याच वेळाने,
"आयव्हीचा. तिला धीर नसायचा.
सुकली का, सुकली का, म्हणून बोट लावून बघायची."
आणि चहा टाक म्हणाला.

आता भरती आली की आधी एक पातं सुटतं, मग दुसरं,
मध्ये एक क्षण ती नेमकी कशावर असते कळत नाही.
शनिवारी पेनफोल्ड येतो.
न विचारता डाव्या बाकावर बसतो.
एवढीशी नौका, लगेच तिकडे कलते.
मी उजवीकडे सरकते,
किटलीही इकडे घेते.