दोन डोंगर

चोवीस बरण्या, चोवीस सीताफळं,
झाकणांना रबरी कडं, वर व्हॅसलिनचा हात,
आणि दर चार तासांनी सुईनं ओढून घेतलेला
फळाचा श्वास.

परभणी. दिवाळी आठ दिवसांवर.
प्रयोगशाळेच्या मागं, कापसाच्या प्रक्षेत्रात
कुणाची तरी मोटर चालूच राहिलीय.
रात्री दोनची नोंद माझ्याकडं.

फळं धारूरच्या डोंगरातली.
मुंजाजी स्वतः गेले होते एस.टी.नं,
येताना पाटी मांडीवर.
'डोळे उघडलेलीच आनली, मॅडम.'
म्हणजे खवल्यांमधल्या घळीत
पिवळसर पांढरी रेघ उमटलेली.
प्रबंधात याला 'शारीरिक पक्वता' म्हणायचं.
मी दोन्ही लिहून ठेवते,
तोडताना उपयोगी पडतं एकच.

तुटलं म्हणजे संपलं, असं नसतं.
पाणी बंद, पानाकडून येणारा घास बंद,
मग घरात असेल नसेल ते पिठूळ सगळं
फळ साखरेला लावतं.
पेशींना पेशी चिकटवणारा डिंक
हळूहळू सोडवत नेतं.
या सगळ्याला दम लागतो.
तोच मी मोजते.

तिसऱ्या दिवशी आलेख चढला. उतरला.
पाचव्या दिवशी पुन्हा चढला, आधीपेक्षा उंच.
इथिलीन, ज्याच्या हाकेनं फळं पिकतात असं शिकलो,
ते दिसलं दुसऱ्या चढाला.
पहिल्याला कुणी हाक मारली नव्हती.

सोळंके सर चष्मा कपाळावर नेत म्हणाले,
'झाकणं गळाली असतील. पहिला उंचवटा काढून टाका,
वक्र स्वच्छ दिसेल.'
चोवीसच्या चोवीस झाकणं
एकाच पहाटे गळतात का, सर?
हे मी विचारलं नाही.
त्या दिवशी नाही.

मुंजाजी नळाखाली नळ्या विसळत होते.
कागद पुढं धरला तर
ओलं बोट दोन्ही टोकांवरून फिरवत म्हणाले,
'हा तर आमचा बालाघाटच की.
पयला डोंगर चढला का वाटतं, झालं.
खाली उतरल्यावर कळतं,
गाव पल्याडच्या डोंगरावर हाय.'
मग नळ बंद करून,
'पयले दोन-तीन रोज फळाला कळतच नसल
आपन सुटलो का पडलो.
धाप लागनारच.'

हे संदर्भसूचीत कुठं बसवायचं, मला माहीत नाही.

सतरा नंबर मात्र काळं पडलं.
चूक माझी. दोन रात्री ते फ्रिजात राहिलं,
रसायनांच्या बाटल्यांमागं.
थंडीनं सीताफळ टिकत नाही, पिकायचं विसरतं.
नंतर ऊब दिली, शेजारी पिकलेलं ठेवलं,
काही नाही.
चोवीसांत एकाचीच रेघ सपाट,
नांगर न लागलेल्या पडीकासारखी.
वहीत लिहिलं: 'वगळले.'

मुंजाजींनी ते अंगठ्यांनीच फोडलं.
गर कडक, रवाळ, ना गोड ना आंबट.
बिया मात्र काळ्या कुळकुळीत,
आत्ताच तेल लावल्यासारख्या.
धुऊन खिडकीत वाळत घातल्या त्यांनी, एकोणचाळीस.
गोडी म्हणजे शेवटी
बियांच्या प्रवासाचं भाडं.
सतरा नंबरला ते जमलं नाही,
मुंजाजींनी भरलं.

दुसरी पाटी आली. नवी कडी, नवं व्हॅसलिन.
झाकणं लावून रिकाम्या बरण्या बादलीत बुडवून पाहिल्या,
एक बुडबुडा नाही.
तिसऱ्या दिवशी, पहाटेच्या सहाला,
यंत्रातला काटा कुणीही न बोलावता
वर निघाला.

सरांच्या टेबलावर आलेख ठेवला,
दोन्ही डोंगरांसकट,
त्यावर उडू नये म्हणून एक पिकलं फळ.
आणि हात न धुताच चहाला गेले.
कपाला दोन दिवस वास येत होता.