घारीचा वाटा

असा वाटा कुठल्या कागदावर नसतो:
कोंबडी माझी, अंडी हलिमाबीची,
पिल्लं अर्धी-अर्धी.

तेरा अंडी. सम आकडा रवणीला चालत नाही.
का, ते सासूनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.
फुटक्या रोवळीत भाताचं तूस, वर पेंढा,
आणि गडगडाटानं अंडी नासू नयेत म्हणून
तळाशी लोखंड.
घरात खिळा मिळेना. बाळारामानं
होडीच्या इंजिनाचा जुना नट आणून टाकला.
"डिझेलचा वास येतो याला."
"मलाही येतो," तो म्हणाला, "तुला चालतो की."

एकवीस दिवस चुलीमागे ती खुडूक.
मांजर, सासू, माझा हात, सगळ्यांना चोच.
रात्री मोबाईलच्या उजेडात अंडं धरलं तर
आत लाल कोळिष्टक, हलणारं.
दोन गार निघाली.

हलिमाबी ओढणी पसरून आली.
पाच तिची, पाच माझी,
एक घारीचं.
बाणकोट खाडीच्या या काठाला तसंच मोजतात.
घारीला आधीच देऊन टाकलं
की ती बाकीच्यांचा हिशेब मागत नाही.

घार आलीच नाही.
मुंगसानं माझी तीन नेली, तिची कुत्र्यानं.
घारीचं तेवढं वाढलं, तलंग झाली,
कुंपणाच्या दोन्ही अंगांना चरते.
पाहुणे आले, सुरी निघाली, की दोघींना एकदम आठवतं
ती आपली नाही.

काल ती खुडूक झाली.
हलिमाबी कुंपणाशी उभी, हातात रिकामी रोवळी.
म्हणाली, तो नट
तुझ्याकडेच आहे ना?