शंभर मोजायच्या असतात

शंभर मोजायच्या असतात.
काचपट्टीच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत,
सुकतीला खाडीत तिसऱ्या काढणाऱ्या बाईसारखं
वाकून, सरकत, वळून पुन्हा येत,
शंभर पांढऱ्या पेशी.
त्यांतल्या किती कसल्या, ते वहीत लिहायचं.

पांढऱ्या नुसत्या म्हणायच्या.
लिशमनचा रंग पडेपर्यंत दिसतच नाहीत,
आणि पडला की जांभळ्या.
सतरा वर्षं वेंगुर्ल्याच्या जनावरांच्या दवाखान्यात
म्हशी, बकरे, एकदा पोलिसांचा कुत्रा.
मांजर क्वचित. मांजराला कोण दवाखान्यात आणतं?

जयवंती खवणेकर आणते.
सुक्या बांगड्यांच्या टोपलीत, वरून ओला पंचा,
राखाडी, आठ महिन्यांची, नाव मोरी.
"तीन भावंडां गेली हिची," म्हणाली,
"एक पायरेर, दोन होडयेखाली.
ह्यां जगतला मां?"
डॉक्टर शिरसाटांनी मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली.
ती तशीच उभी राहिली, पालासारखी.

पहिल्या दिवशी चौकटींच्या काचेवर सहाशे.
असायला हव्यात सहा-सात हजार तरी.
दुसऱ्या दिवशी अडीचशे.
तिसऱ्या दिवशी वीज गेली.
सूक्ष्मदर्शकाचा आरसा खिडकीकडे फिरवला,
बंदरावरचा उजेड खाली ओढला
आणि अख्ख्या पट्टीवर सापडल्या अकरा.
तांबड्या पेशींची नुसती वाळू, मैलभर,
आणि पावलाचा ठसा नाही.

पुस्तकात याला लढाई म्हणतात.
पण हा विषाणू लढायला थांबत नाही.
तो हाडाच्या आत जातो, मज्जेत,
जिथे त्या घडतात.
जिथे सतत काही जन्मत असतं तिथेच त्याला राहता येतं:
मज्जेत, आतड्याच्या अस्तरात,
पोटातल्या पिल्लात.
त्याला घाई लागते. दुसऱ्याची.
ज्या थोड्या बाहेर उरल्यात
त्या आतड्याच्या उघड्या जखमेकडे धावतात,
खपतात,
मागून कुणी येत नाही.

जयवंती रोज बाजार आटपून यायची.
कॅलेंडरच्या खिळ्याला सलाइन टांगलेलं.
"आज काय गावला?"
होडीवाल्यांना विचारते तोच प्रश्न, त्याच आवाजात.
"अकरा."
तिनं बोटं मोजायला घेतली, मग पदरात लपवली.

शेजारच्या पिंजऱ्यातली पांढरी, दाभोलीहून आलेली,
चौथ्या रात्री गेली.
तिच्या नावापुढचा रकाना
मी सकाळी भरणार होतो.
तो अजून तसाच आहे.

पाचव्या दिवशी तेलाचा थेंब टाकला,
भिंग उतरवलं,
आणि कडेला, जिथे रक्त पिसासारखं विरळ होतं,
एक दिसली.
कच्ची.
वयात आलेलीच्या पोटातलं केंद्रक कसं,
जाळ्याच्या दोरीला मारलेल्या गाठींसारखं,
तीन, चार, कधी पाच.
हिला एकही गाठ नव्हती.
नुसता वाकलेला जांभळा गळ.
पुढे आणखी एक. मग जवळजवळ तीन.
घाईघाईनं घडवलेल्या,
काही शिकवायच्या आधीच
बाहेर ढकललेल्या पोरी.

शंभर झाल्या नाहीत.
एकोणचाळीसवर माझेच डोळे भरून आले,
तेलाचा वास असेल.

"बारकीच हत सगळी," मी जयवंतीला सांगितलं.
"बारकी गावतत," ती म्हणाली,
"म्हणजे दर्यात अजून हत."

मी म्हणणार होतो की तसं नक्की नसतं,
की अजून दोन दिवस जाऊ देत,
की बारक्यांना काम येतंच असं नाही.
तेवढ्यात आत पेजेची ताटली
लादीवर थोडी सरकली.

आम्ही दोघंही वळलो नाही.
पुन्हा सरकते का,
ऐकत राहिलो.