हातचे पस्तीस

ग्रँड जंक्शनच्या बाहेर, जिथं शेवटचा पेट्रोलपंपही मागं पडतो
आणि सपाट माथ्यांचे करडे डोंगर रस्त्यालगत येतात,
तिथं वेंडलचं आवार.
ओळीनं उभे कॅम्पर, अजून कुठल्याच ट्रकवर न चढलेले,
चार लोखंडी पायांवर
राखणीच्या माळ्यांसारखे.

मोरेश्वर एकेकाच्या पोटाखाली वाकून बघतो.
त्याला अलास्कापर्यंत जायचंय, डांबर टाळून.
मला कुठं जायचंय हे मला विचारलेलं नाही,
पण मी नाही म्हटलेलं नाही, हेही खरं.

पहिला: भिंत बाहेर सरकते, सोफा उलगडतो, ओव्हन, आरसे.
मी म्हणते, ह्यात राहायचं तर प्युब्लोचं घर का विकलं?
वेंडल हसतो, भिंतीवर बोटानं टकटक करतो.
आत लाकूड आहे बाई.
युटातला लाटालाटांचा कच्चा रस्ता
तीन दिवसांत एकेक स्क्रू स्वतःच्या हातानं काढतो.
एक जोडपं परत आलं होतं
कपाटांची दारं पिशवीत घालून.

दुसरा हलका. छत वर उचललं की कापडाच्या भिंती.
मोरेश्वर आत उभा राहतो, कापडाला तळवा लावतो,
बराच वेळ.
रात्री थंडी फार असेल, मी म्हणते.
तो हात काढून घेतो. त्याला हल्ली उन्हातही स्वेटर लागतो.

तिसरा फायबरचा, दोन अर्धी कवचं,
करंजीची कड दाबावी तशी मधोमध जोडलेली.
कोपऱ्यांत सांधा नाही, म्हणजे पाणी मुरायला जागा नाही.
ओटा दीड हात. झोपायला ट्रकच्या टपावरचा कोनाडा,
चढताना गुडघा भिंतीला लागतो.
हा, आम्ही दोघं एकदमच म्हणतो,
आणि मग दोघंही गप्प.

वेंडल कॅम्परकडे पाठ करतो,
आमच्याच ट्रकचं दार उघडतो,
चौकटीवरचा पिवळा स्टिकर दाखवतो.
नऊ वर्षं त्या दारातून चढतोय आम्ही, कुणी वाचला नव्हता.
दोन हजार तीनशे ऐंशी पौंड.
ह्याच्या वर एक चमचाही नाही, तो म्हणतो,
आणि ह्यात तुम्हीही आलात.

पुठ्ठ्याच्या तुकड्यावर सुताराची पेन्सिल.
कॅम्पर पंधराशे. राहिले आठशे ऐंशी.
पाणी वीस गॅलन, एकशे सदुसष्ट.
(पाण्याला एवढं वजन असतं, हे मला
साठ वर्षं भांडी भरून कळलं नव्हतं.)
गॅस आणि बॅटऱ्या एकशे तीस.
जास्तीचं चाक, जॅक, एकशे दहा.
मॅडम?
एकशे अठ्ठावीस, मी खरं सांगते.
सर?

एकशे ब्याऐंशी, मोरेश्वर म्हणतो.

दर सोमवारी सकाळी मी लिहिते
फ्रिजवरच्या कागदावर, डॉक्टरांसाठी.
ह्या सोमवारी एकशे सत्तेचाळीस.
पट्ट्याला त्यानं खिळ्यानं दोन नवी भोकं पाडलीत,
दुसरं जरा तिरकं गेलंय.

वेंडलची नजर त्या पट्ट्यावर क्षणभर थांबते.
मग तो एकशे ब्याऐंशी लिहितो, ठळक, खाली रेघ मारतो.
एकशे त्रेसष्ट उरले. डाळ, तांदूळ, कपडे, हत्यारं.
कुकर न्यायचा की नाही, तुमचं तुम्ही बघा.

कुकर न्यायचाय. पण तो मी एकशे त्रेसष्टातच बसवीन,
चपला कमी करीन, त्याची पुस्तकं, माझा आरसा.
हातचे पस्तीस कुणालाच सांगणार नाही.
त्यांत काही भरायचं नाही, दोरीचं वेटोळंही नाही.
उत्तरेकडं कुठंतरी, एखाद्या नदीकाठी,
त्याला पुन्हा भूक लागली तर
जागा हवी.

टॉर्च आण गं, ट्रकखालून आवाज येतो.
त्याचे फक्त बूट दिसतायत.
चार बोल्ट कुठं बसणार ते बघतोय तो,
आणि खूश आहे.