ग्रेड काय म्हणायची

दिवसभर मी लोखंडाला बोलतं करते.
शिरोळीत, फाउंड्रीच्या लॅबमध्ये, प्रत्येक हीटला
रुपयाएवढा नमुना येतो, अजून कोमट.
घासायचा, ठेवायचा, ठिणगी पाडायची.
वीस सेकंदांत पडद्यावर कार्बन, सिलिकॉन, मँगनीज.
गंधक जास्त निघालं तर मी फोन उचलते
आणि भट्टीवरचा माणूस मला शिव्या देतो,
गंधकाला नाही.

पौष संपता संपता, एका शनिवारी,
इरगोंडा चौगुल्यांच्या टेम्पोतून
आम्ही मसाई पठारावर गेलो.
दुर्बीण गोधडीत गुंडाळलेली, बॅटरी त्यांच्या ट्रॅक्टरची.
उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस.
फट त्यांनीच करून दिली होती:
दाढीची दोन पाती, धारेला धार,
मधे केसाहून कमी जागा.
"एवढ्यातनं आभाळ जाईल व्हय?" म्हणाले होते
आणि मायक्रोमीटर पुन्हा लावून बघितला होता.

मृग वर आला. बाण पोटात तसाच.
बाणाच्या खाली, जिथे डोळ्याला
आरशावर टाकलेला श्वास दिसावा
तेवढंच काहीतरी दिसतं,
तिथे दुर्बीण आणली.

पहिले फोटो हलले. वारा.
मग दव. जुन्या पायमोज्यात रेझिस्टर शिवून
मी केलेला पट्टा भिंगाला बांधला.
तीस-तीस सेकंदांचे ऐंशी.
दरीकडे काळं काहीतरी उभं होतं,
गवा, किंवा तेवढ्यापुरता दाट काळोख.
आम्ही दोघंही त्याच्याविषयी बोललो नाही.

लॅपटॉपवर गुलाबी उमटलं,
पंख पसरलेलं, मध्यावर पांढरंफटक.
"हे रंग तू भरलंस?"
नाही काका. कॅमेऱ्याला थांबता येतं, डोळ्याला नाही.

मग फट लावली.
पंख गेले. गुलाबी गेलं.
काळ्या पट्टीवर उभ्या रेघा, बस्स.
तांबडी हायड्रोजनची. निळी, तीही त्याचीच.
आणि निळीला लागून दोन हिरव्या,
आधी अंधुक धाकटी, मग थोरली, लखलखीत.

ही थोरली एके काळी कुणाच्याच ओळखीची नव्हती.
तेव्हाच्या लोकांनी तिच्यासाठी
अख्खं नवं मूलद्रव्य कल्पिलं,
नाव ठेवलं, बारसं केलं, आणि पाळण्यात कुणीच नव्हतं.
निघाला आपला ऑक्सिजन,
दोन इलेक्ट्रॉन हरवून बसलेला.
इथल्या हवेत त्याला ही रेघ काढता येत नाही,
त्याआधीच कुणीतरी येऊन धडकतं.
तिथे शेजारी इतका लांब
की अणूला अर्धं मिनिट एकटं राहता येतं,
आणि मग कुणी न विचारता
तो हिरवं सांगून टाकतो.

इरगोंडाकाका मफलर सोडून बघत राहिले.
मग, हीट उतरल्यावर विचारतात तसं,
"ग्रेड काय म्हणायची?"
हायड्रोजन, ऑक्सिजन, थोडं हेलियम.
"आणि लोखंड?"
असेल. माझ्या यंत्राला दिसत नाही.
"मग कास्टिंग व्हायचं कसलं," म्हणाले,
पण पडद्यावरची नजर काढली नाही.

हिरव्याच्या पलीकडे, पिवळ्याच्या अलीकडे
अजून एक रेघ होती,
फटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत,
मेघ संपला तरी न संपणारी.
ती पाऱ्याची. रस्त्यावरच्या जुन्या दिव्यांची.
आग्नेयेला कोल्हापूर
क्षितिजावर राखेतल्या निखाऱ्यासारखं पडलं होतं,
तिथून ती आली होती.
ही वजा करायची असते, मी म्हटलं.
"कशाला? त्यातला एक दिवा
आमच्या वर्कशॉपच्या दारातला असंल.
फुकटचा न्हाय. बिल भरलंय."

वजा केली नाही.

सोमवारी पहिल्या हीटचा नमुना आला.
गंधक जास्त.
फोन उचलण्याआधी मी घड्याळ बघितलं नाही,
पण अर्धं मिनिट तरी गेलं असेल.