सराफ गल्लीत येणाऱ्यासाठी

कपिलेश्वराचा पूल उतरलात की शहापूर.
रिक्षा तिथंच सोडा.
पुढं चालत या, खरं वर बघत येऊ नका.
वर पाट्या दोन लिप्यांत भांडतात,
खाली गटार एकच आहे.

पहाटे पाचला हलिमाबी असते तिथं.
झारेकरीण. तिची सासूही हेच करायची.
सोनाराच्या उंबऱ्यातली धूळ, शेगडीची राख,
कारागिरानं हात धुतलेलं पाणी
पाटीत घेऊन हलवत बसते.
आठवड्याला गुंजभर.
कधी तेवढंही नाही.

रस्ता तिलाच विचारा.
"मागवाल्यांकडं जायचंय? डावीकडनं जावा की.
खरं आता हातमाग कुठला,
खडखडाटाच्या मागं मागं जावा."

आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'.
बेळगावाबाहेरचा माणूस गोंधळतो,
त्याला वाटतं आम्ही शपथ घेतोय.
आम्ही नुसते अडखळत असतो.

कुंदा घ्या जाताना, पाव किलो तरी.
आणि ही एक गोष्ट, गल्लीबाहेर कुणी सांगणार नाही:

एकदा तिच्या पाटीत चमकी आली,
खड्यासकट, फिरकीसकट.
घासून पुसून दारोदार फिरली ती,
कलावतीच्या दारात मराठीत,
शिवलिंगव्वाकडं कन्नडात,
घरच्या गल्लीत आपल्या दखनीत विचारलं,
कुणाची हाय?

कुणाचीच नव्हती.

खरं प्रत्येक दारात
बाईनं आधी
नाकाला हात लावून बघितला.