आपली विश्वासू

सात वर्षं तहसील कचेरीसमोर
झेरॉक्सच्या टपरीत बसून मी लोकांचे अर्ज टाईप केले.
वारसनोंद. रेशनकार्डातलं चुकलेलं नाव.
शेजाऱ्याचा माड आमच्या कौलांवर कलला असलेबाबत.
विषय, संदर्भ, महोदय,
शेवटी आपला विश्वासू
आणि खाली टिंबं, सहीपुरती.

आता भरडावर, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानाशेजारचा
जिना चढून एजन्सीत येते.
काचेचं दार. चपला बाहेर काढायच्या का
हे पहिल्या दिवशी कुणी सांगितलं नाही
म्हणून काढल्या.
जेवायच्या सुट्टीत बघते तर जिन्यावर
माझाच एक जोड.

निनाद आजगावकर, वय सव्वीस, माझा साहेब.
साहेब म्हटलेलं त्याला आवडत नाही.
रोझलीन रंग निवडते. हा कोरल, म्हणते.
मी म्हणते, कोलंबीचा. शिजल्यावरचा.
हल्ली तीही क्लायंटला तसंच सांगते.

माझी पहिली पोस्ट
तारकर्लीच्या सुहासिनी मयेकरांच्या घरगुती निवासाची:
“आमचे येथे दोन खोल्या आहेत.
न्हाणीघर स्वतंत्र.
जेवणात सुरमई मिळेल, मिळाली तर.
कळावे. आपली विश्वासू.”

निनाद हसला नाही. खुर्ची जवळ ओढून म्हणाला,
ताई, विनंती नको यात, ओढ हवी.
मग ‘कळावे’ गेलं.
‘आपली विश्वासू’ गेलं.
‘मिळाली तर’वर माझं बोट जरा थांबलं.
होडीवर ज्याचं पोट आहे असा कुणी
हे दोन शब्द वगळून शब्द देत नाही.
पण पगार एक तारखेला होतो इथे,
आणि टपरीत तो माणसं येतील तसा व्हायचा.
खोडलं.

शिकले. रील कुठे कापायची,
पहिल्या तीन सेकंदांत लाट का हवी.
एंगेजमेंट चौपट झाली, असं घरी सांगितलं
तर आई ताट तसंच ठेवून बाहेर आली.
मी चौतीस वर्षांची. तिचा दोष नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मयेकर काकी
उन्हातून चालत आल्या, पिशवीत कोकमं.
पंख्याखाली बसल्या, पाणी घेतलं नाही.
“दोन खोल्यो आसत गो माझ्याकडे.
रात्री दीडाक फोन वाजता.
नाय म्हटलंय तर माकाच गाळी घालतत.
तां काय तुम्ही केलंत, तां आता बंद करा.”

निनाद काहीतरी म्हणायला लागला, ग्रोथ वगैरे.
काकी माझ्याकडे बघत होत्या.
टपरीतला तो चेहरा मला ओळखता येतो,
सात वर्षं समोरच्या स्टुलावर तोच बसायचा.
मी नवीन पान उघडलं.

विषय : जाहिरात थांबविणेबाबत.
महोदय,
वरील विषयास अनुसरून विनंती करते की
मी एकटी आहे. मला दोन पाहुण्यांचं जेवण झेपतं,
चार आले तर जेमतेम.
मला रात्रीची झोप लागते, ती परत मिळावी.
आपली विश्वासू,
आणि टिंबं.

प्रिंट काढला. काकींनी सही केली,
अक्षर मोठं, शेवटचा र ओळीबाहेर.

निनादने दोनदा वाचला.
हळूच म्हणाला, हाच टाकूया ना, जसाच्या तसा.
याला खूप रीच येईल.

नाही, म्हटलं.
या जागेतलं माझं पहिलं नाही.
हा अर्ज आहे. याला एकच वाचणारा लागतो
आणि आवक क्रमांक.

म्हणजे काय, त्याने विचारलं. खरंच माहीत नव्हतं त्याला.
काकी पिशवी मोकळी करत होत्या टेबलावर,
कोकमं कीबोर्डाच्या कडेपर्यंत गेली.
रोझलीनने हाताला लागलं ते पेन घेऊन
कोपऱ्यात लिहिलं: आवक क्र. १.
तारीख राहिली होती,
ती मी घातली.